बकरीच्या उंचीवरचं फूल

पुंडलिकराव झाडाला पाणी घड्याळ पाहून देत नसत, गाडी पाहून देत. खामगावहून चिखलीला जाणारी पहिली एस.टी. अमडापूरच्या वळणावर आली, की ड्रायव्हर रहीमचाचा दोनदा हॉर्न वाजवायचे. पहिला गावासाठी आणि दुसरा पुंडलिकरावांच्या झाडासाठी. दुसरा हॉर्न कानावर पडला की पुंडलिकराव परसात उभे राहून पत्र्याचा हातपंप मारायला सुरुवात करत. लोक डासांचं औषध मारायला वापरतात तसलाच तो पंप होता, पण त्याच्या पोटात जन्मात कधी औषध गेलं नव्हतं. झाडाची आंघोळ आटोपली की ते खाकी कोट चढवत आणि स्टँडकडे निघत. गाडीला तोवर थांबावंच लागे, कारण तिला सोडणारे कंट्रोलर तेच होते.

एखाद्या दिवशी गाडीला उशीर झाला, तर झाड तेवढा वेळ कोरडं राही. मग स्टँडवर रहीमचाचांची खैर नसे.

"काऊन हो चाच्या, पोरगी कवाची तहानली बसली."

"पंचर हो गया था, पुंडलिकभाऊ."

"पंचर गाडीले झाला. तिनं काय केलं होतं?"

मी एकदा विचारलं होतं, की घड्याळ लावून पाणी का देत नाही. ते माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहत म्हणाले, "मास्तर, घड्याळ काय, चावी देल्ली का चालते. त्याले कोनाची लाज आहे? गाडी मानूस चालवते. त्याले माहीत असते, का आपल्यासाठी कोनीतरी थांबून राह्यलं."

तेव्हा राज्य नवीन झालं होतं आणि माझी नोकरीही. रोहिणखेडला माझे वडील दुसऱ्याच्या मळ्यावर मोट हाकत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बी.एस्सी. होऊन मी अमडापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो, तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक भिंग आणि वनस्पतिशास्त्राची एक वही एवढीच मिळकत होती. तुळशीरामजी माळी यांच्या घराच्या मागच्या बाजूला दोन बिऱ्हाडं होती. एका खोलीत मी राहू लागलो. शेजारच्या दोन खोल्यांत पुंडलिकराव आणि त्यांची धाकटी बहीण अनसूयाबाई. गाव त्यांना अनसूबाई म्हणे, मी मावशी म्हणू लागलो. पहिल्याच रात्री त्यांनी माझ्या दारात भाकरी आणि वांग्याची भाजी आणून ठेवली. "चूल मांडेपर्यंत खाऊन घेत जा," म्हणाल्या. ती चूल पुढं किती महिने मांडली गेली नाही, हे मी सांगत नाही. त्या घरानं मला परकं वाटू दिलं नाही, एवढंच लिहून ठेवतो.

पुंडलिकरावांचं लग्न झालेलं नव्हतं. त्याबद्दल कोणी छेडलं तर म्हणत, "आपली गाडी सुटली ना बाप्पा. आता फलाटावर उभं राहून काय फायदा." त्यांचं सगळं जग असं गाडीत बसलेलं होतं. गावात कोणी वारलं, की "गेला बिचारा, विनाथांबा गेला." शाळेत कोणी नापास झालं, की "पोट्टं मधातच उतरलं." शेजारणींचं भांडण लांबलं, की ते खिडकीतून शिट्टी वाजवत आणि म्हणत, "चला, सुटली." दोघीही हसू दाबत घरात जात.

आता झाडाबद्दल. आमच्या परसात तुळशीरामजींच्या आजानं लावलेला एक जुना आंबा होता. त्याच्या खोडाला पुंडलिकरावांनी काथ्या आणि जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी एक झाड बांधलं होतं. पट्ट्यासारखी लांब, जाड, मधोमध पन्हाळ असलेली पानं, एकावर एक दोन रांगांत बसवल्यासारखी. खाली करंगळीएवढ्या जाड राखाडी मुळ्या, काही सालीला घट्ट चिकटलेल्या, काही हवेत सुटलेल्या. मातीचा कणही नाही. आणि वर एक पत्र्याची पाटी ठोकलेली. भंगारात निघालेल्या गाडीतली होती ती. तिच्यावर लिहिलेलं होतं, "स्त्रियांसाठी राखीव."

मी ते झाड पाहिलं आणि जागच्या जागी उभा राहिलो. कॉलेजात ह्याच, ऑर्किडच्या कुळातल्या झाडाच्या मुळीचा आडवा छेद मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काढला होता. जिवंत झाड कधी पाहिलं नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याची माणसं ह्याला सीतेची वेणी म्हणतात, कारण फुलांचा झुपका वेणीसारखा खाली लोंबतो. पुंडलिकराव मात्र ते नाव कधी घेत नसत. ते नुसतं "पोरगी" म्हणत.

ही पोरगी त्यांनी वरवट बकालच्या पलीकडून, आपल्या मूळ गावच्या जंगलातून आणली होती. वादळात मोहाची फांदी पडली होती, तिच्यावर ती होती. ओल्या पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन ते गाडीत बसले आणि कंडक्टरकडून तिचं अर्धं तिकीट फाडून घेतलं. कंडक्टर म्हणाला, साहेब, आपल्याच गाडीत झाडाचं कायचं तिकीट. तर म्हणाले, "जीव आहे का नाही? जागा घेतली का नाही? मंग फाड." ही हकीकत मला रहीमचाचांनी सांगितली. पुंडलिकरावांना विचारली तर म्हणाले, "मंग काय फुकट आणावं?"

बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं गाडीची वाट पाहत बसत, तेव्हा पुंडलिकराव त्यांना परसात आणून पोरगी दाखवत आणि भाषण देत. ते भाषण मला अजून पाठ आहे.

"हे पाहा, हिले माती चालत नाही. मातीत लावली का सडली. खत टाकसान तं मेली. साचलेलं पाणी चालत नाही. मंग चालते काय? हवा. मुळीले हवा पायजे. मुळी पांढरी दिसली का समजा तहानली. पाणी मारलं का हिरवी होते, आता पाहा." मग फुस्स फुस्स पंप चाले आणि राखाडी मुळ्या खरोखरच बघता बघता हिरव्या होत. माणसं चकित होत. "पाणी सकाळी. रातच्याले पानाच्या बेचक्यात थेंब राह्यला नाही पायजे, नाही तं कोंब कुजते. थंडीत उपाशी ठेवा जराशी, थंडीत तिले झोप असते. अन् हात लावू नोका."

यातलं बहुतेक बरोबर होतं. चूक होती ती फक्त एक, पण मोठी होती.

पोरगी बांधली होती चुकीच्या जागी. आंब्याला उगवतीच्या बाजूला वर एक सुरेख बेचकं होतं. सकाळचं कोवळं ऊन, दिवसभर पानांची सावली, वारा खेळता. आंधळ्यानंही तीच जागा निवडली असती. पुंडलिकरावांनी मात्र तिला मावळतीच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, आणि तेही कमरेएवढ्या उंचीवर बांधलं होतं. दुपारनंतर तिथं ऊन तापे. खाली एक बसायचा धोंडा होता. त्याच्यावर अनसूमावशी दुपारभर सूप घेऊन दाणे निवडत बसत. आणि ती उंची बरोबर बकरीच्या तोंडाची होती.

एकदा तसं झालंही. शेजारच्या बकरीनं एक अख्खं पान खाल्लं. पुंडलिकराव खाकी कोटात, शिट्टी तोंडात धरून त्या बकरीमागं अर्धं गाव धावले. बकरीच्या मालकिणीला म्हणाले, "बांधून ठेवत जाय, नाही तं चिखलीच्या गाडीत बसवून देईन." ती म्हणाली, "बाप्पा, बकरीच्या ताटात वाढता अन् बकरीले मारता? वर बांधा ना."

मीही तेच सांगितलं. माझी वही उघडून, आकृती दाखवून सांगितलं. पुंडलिकरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, तुमचं सगळं बरोबर आहे."

"मग उद्या हलवू या? मी शिडी आणतो."

"नाही. तिकडं नाही."

"पण का?"

"तिकडं नाही," एवढंच ते म्हणाले आणि काटेरी बोराटीची फांदी आणून त्यांनी पोरगीभोवती कुंपण केलं. धोंड्याच्या बाजूनं तेवढं उघडं ठेवलं.

घरमालक तुळशीरामजी चांगला माणूस होता. वांगी, मिरची, कोबी लावायचा, आणि झाडाचं दुखणं पान पाहून ओळखायचा. म्हणूनच त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की झाडावर उगवलेलं झाड म्हणजे बांडगूळ. बांडगुळानं त्याच्या मळ्यातले दोन आंबे वाळवले होते. तिसरा तो वाळू देणार नव्हता.

"कंट्रोलरसाहेब, भाडेकरूनं भाडेकरू ठेवू नये," तो म्हणायचा. "माह्या झाडाचं रगत पिऊन राह्यलं ते."

मी पहिल्यांदाच माझी पदवी कामाला लावली. मळ्यातून बांडगूळ लागलेली आंब्याची एक फांदी आणली आणि तुळशीरामजींसमोर चाकूनं उभी चिरली. त्याची मुळी आंब्याच्या लाकडात कशी शिरलेली असते, ते दाखवलं. मग पोरगीच्या एका मुळीचं टोक हळूच उचललं. खाली साल जशीच्या तशी होती, ओरखडासुद्धा नाही. "ही झाडाचं काही खात नाही. फक्त धरून बसते," मी म्हणालो. पुंडलिकराव बाजूला श्वास धरून उभे होते, कारण मी मुळीला हात लावला होता.

तुळशीरामजींनी सालीवरून अंगठा फिरवला. "हाव. खात तं नाही दिसत." मग थोडा विचार करून म्हणाला, "पण मंग देते काय? तीन वर्सं झाले. ना फूल, ना फळ. मास्तर, माह्या परसात बिनकामाचं काही राहत नाही. या मृगाच्या आत फूल दाखवा. नाही तं मी खरवडून टाकतो. मंग कोनी बोलू नये."

पुंडलिकराव म्हणाले, "दाखवतो."

त्या उन्हाळ्यात मी जी झटापट पाहिली, ती विसरणार नाही. फाल्गुन सरता सरता मावळतीचं ऊन पोरगीवर चाल करून आलं. दोन पानांवर काळे चट्टे पडले. पुंडलिकरावांनी आंब्याच्या फांदीवरून पोत्याचा पडदा सोडला आणि तो दर गाडीला ओला करू लागले. परसातली विहीर तळाला गेली, तेव्हा त्यांनी स्वतःची आंघोळ बंद केली आणि ती बादली पडद्याला देऊ लागले. स्टँडवरची माणसं वाऱ्याची दिशा पाहून त्यांच्याशी बोलायला उभी राहत. रहीमचाचा खामगावहून डबाभर पाणी आणून, "लो, तुमच्या बेटीसाठी," म्हणत खिडकीतून देत.

मी पुन्हा पुन्हा सांगत होतो, जागा बदला, एवढं पाणी लागणारच नाही. "फूल आलं नाही तर तुळशीरामजी सोडणार नाहीत," म्हणत होतो.

"फूल येईन," ते म्हणायचे. "उशीर झाला म्हणजे गाडी रद्द झाली असं नाही, मास्तर."

आणि वैशाखात एका सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. हाताला धरून परसात नेलं. पानाच्या बेचक्यातून उंदराच्या शेपटीएवढं हिरवं काहीतरी डोकावत होतं. मी भिंग लावलं. कळ्यांची दांडीच होती ती. पुंडलिकराव त्या दिवशी गाडी सोडायला विसरले. रहीमचाचांनी स्वतःच शिट्टी वाजवून घेतली आणि निघाले.

दांडी वाढली, खाली झुकली, वीतभर झाली, वीतभराहून लांब झाली. मग वरून खाली फुलं उमलत आली. पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर जांभळे ठिपके, जांभळी जीभ, एकमेकांना खेटून बसलेली असंख्य फुलं. घट्ट, जड, कोणीतरी दुपारभर बसून गुंफल्यासारखी. फुलं दबतील म्हणून पुंडलिकरावांनी पडदा काढून टाकला. गाव पाहायला लोटलं. गाडीतले उतारू पाच मिनिटं उतरून पाहून जात. तुळशीरामजी आला आणि म्हणाला, "हारलो, साहेब."

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण त्याच आठवड्यात तुळशीरामजींच्या शांतीचं लग्न होतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी तो नारळ घेऊन पुंडलिकरावांकडे आला. माणूस मान ठेवून बोलत होता. "साहेब, पोरीच्या डोक्यात थे फूल पायजे. असं फूल साऱ्या तालुक्यात कोनाच्या पोरीनं घातलं नसन. झाड माह्यं, पोरगी माही. तुमचे हात लागले, तं तुमचाही मान."

पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. "तुळशीरामजी, माह्या घरातलं काहीही मांगा. कोट मांगा, शिट्टी मांगा. वेणी पायजे तं खामगावहून मोगऱ्याची आणतो, टोपलंभर आणतो. थे फूल नोको."

"काऊन? तुमच्या घरात कोन आहे घालाले?"

तुळशीरामजींच्या मनात वाईट काही नव्हतं, पण शब्द निघून गेला. आत भांडी वाजत होती, ती थांबली. अनसूमावशी लग्नानंतर वर्षभरातच कुंकू पुसून भावाकडे आल्या होत्या, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तेव्हापासून त्यांच्या कपाळाला कुंकू आणि केसांना फूल लागलं नव्हतं. त्या काळी लागतही नसे, आणि त्यात कोणाला काही नवल वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

 गाडीची एकही उपमा पुंडलिकरावांना सुचली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुळशीरामजी उठला. बाहेर येऊन मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही शिकलेले, तुम्ही समजावा. उद्या दुपारपर्यंत. माह्या पोरीपेक्षा त्यायले फूल मोठं असन, तं झाडावरून काढून घ्या म्हणा अन् न्या जिथं न्यायचं तिथं."

वैशाखाच्या उन्हात त्या मुळ्या सालीवरून ओढल्या, तर पोरगी आठ दिवसांत वाळली असती. हे मला ठाऊक होतं आणि पुंडलिकरावांनाही. ते त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परसात गेलो. पुंडलिकराव स्टँडवर होते. अनसूमावशी धोंड्यावर बसून सुपात मूग निवडत होत्या. पडदा नसल्यामुळं ऊन सरळ त्यांच्या अंगावर होतं. बाहेर असताना त्यांच्या डोक्यावरचा पदर कधी हलत नसे, पण एकट्या असल्यामुळं तो खांद्यावर घसरला होता. त्यांची पाठ आंब्याला टेकलेली होती. आणि ती फुलांची वेणी त्यांच्या अंबाड्यावरून मानेवर येऊन टेकली होती, मुद्दाम कोणी माळून द्यावी तशी. वारा आला की हलायची आणि परत तिथंच येऊन थांबायची.

मी परत फिरणार होतो. त्यांनी पाहिलं, पण पदर सावरायची घाई केली नाही.

"बसा ना, मास्तर."

"मावशी, ऊन लागत नाही का?"

"लागते ना." त्यांनी सूप मांडीवर टेकवलं. "तुम्ही दादाले म्हणत होते, का उगवतीले वर बांधा म्हणून. त्याले काय समजत नाही का? त्याचं लहानपण जंगलाशेजारी गेलं. त्याले तुमच्याहून आधी समजलं होतं."



"माह्या लग्नात हेच फूल होतं. दादानं आणलं होतं, मोहावर चढून. गुडघे फोडून आला होता. मायनं माह्या डोक्यात घातलं." त्या सुपातला एक खडा शोधत होत्या. "एवढं एकच लग्नाचं सांगता येते मले. बाकी आठवत नाही."

खडा सापडला, त्यांनी तो टाकून दिला.

"मंग हे झाड आणलं त्यानं. कोनासाठी आणलं, एका शब्दानं बोलला नाही. मी बसतो त्या धोंड्याच्या वरच बांधलं. मीही विचारलं नाही. त्याले वाटते, मले काही समजलं नाही. वाटू द्या." वेणी हलली, त्यांनी मान जरा मागं घेतली. "डोक्यात तं मी काही घातलं नाही, मास्तर. झाडाचं फूल झाडाले लोंबते. मी खाली बसतो. याच्यात कोनाचं काय गेलं?"

मी खाली सांडलेले दोन मूग उचलून सुपात टाकले. 

मग त्याच म्हणाल्या, "तोडून घ्या तुम्ही. शांती माह्या अंगाखांद्यावर खेळली. पोरीचं मन मोडू नोका, अन् झाडही वाचन. माह्या हातानं नोको, शुभकार्य आहे. तुम्ही तोडा, मी दादाले सांगन. दोन दिवस जेवणार नाही तो. मंग जेवन."

मी चाकू आणायला उठलो, तेव्हा कुंपणाजवळ तुळशीरामजींची बायको पारबताबाई उभी दिसली. हातात फूल न्यायला आणलेलं ओलं फडकं होतं. ती कधीची उभी होती, कोण जाणे. अनसूमावशींनी चटकन पदर डोक्यावर ओढला. फुलं बाजूला झाली.

पारबताबाई आत आली. फुलाजवळ वाकली, खूप बारकाईनं पाहिल्यासारखं केलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज घरमालकिणीचाच होता.

"आता माय, याच्यात तं मुंग्या आहेत."

"नाही ओ, कुठं आहेत," अनसूमावशी म्हणाल्या.

"आहेत. मले दिसून राहल्या. पोरीच्या डोक्यात जातीन, लग्नात खाजवत बसन पोरगी. नोको बाई. मोगराच बरा." मग माझ्याकडे वळली. "काय हो मास्तर, तुम्ही शास्त्र शिकवता. आहेत का नाही मुंग्या?"

मी भिंग काढलं. फुलं स्वच्छ होती, एकेक ठिपका मोजता आला असता.

"पुष्कळ आहेत," मी म्हणालो.

पारबताबाईनं फडकं पिळलं आणि जाता जाता अनसूमावशींच्या डोक्यावरचा पदर, केसांतलं काही काढल्यासारखं करत, दोन बोटांनी मागं सरकवून दिला. 

लग्नाच्या दिवशी पहिल्या गाडीनं रहीमचाचांनी ओल्या फडक्यात गुंडाळून मोगऱ्याची जाड वेणी आणली. मोगराच चालेल एवढाच निरोप मिळालेल्या पुंडलिकरावांनी ती स्वतः मांडवात नेऊन दिली. शांतीला ती छान दिसत होती. तुळशीरामजीही खूश होता. मुंग्यांचं ऐकल्यावर त्याचा राग कुठल्या कुठं गेला होता, कारण माळ्याला फुलातल्या मुंग्या समजतात. अनसूमावशी रीतीप्रमाणं घरीच थांबल्या होत्या.

दुपारी पंगत बसली. पुंडलिकराव माझ्या शेजारी होते, पहिलाच घास हातात होता. वाढता वाढता तुळशीरामजी समजूत काढल्यासारखं म्हणाला, "साहेब, मनाले लावून घेऊ नोका. मुंग्या कोनाच्याही झाडाले लागतेत."

"कायच्या मुंग्या?"

"तुमच्या फुलाले. घरची सांगून राह्यली होती. मास्तरांनी भिंगातून पाह्यलं ना."

पुंडलिकरावांनी घास पानात ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं, की मी वरण चाटायचं सोडून खाली मान घातली. "माह्या झाडाले मुंग्या? तीन वर्सं झाले, एक मुंगी चढू देल्ली नाही मी." आणि उष्ट्या हातानं ते पंगतीतून उठले. मागून मी.

परसात अनसूमावशी धोंड्यावर बसल्या होत्या, पाठ आंब्याला टेकून. मांडवातला वाजंत्र्यांचा आवाज इथपर्यंत येत होता. पदर खांद्यावर होता. आम्हाला पाहून त्या उठणार, तोच पुंडलिकराव गुडघ्यांवर बसले, माझ्या खिशातलं भिंग ओढून घेतलं आणि वेणी तळहातावर धरून एकेक फूल तपासू लागले. वरून खाली, मग खालून वर.

"कुठं आहेत? मास्तर, दाखवा, कुठं आहेत?"

मी अनसूमावशींकडे पाहिलं. त्या समोर भिंतीकडे पाहत होत्या, चेहऱ्यावर सुरकुती हलू न देता.

"होत्या दादा," त्या म्हणाल्या. "मी झटकल्या."

"तू झटकल्या?"

"हाव. आत्ताच."

पुंडलिकराव बहिणीकडे पाहत राहिले.  मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

"झटकत जाय मंग," ते म्हणाले. "मी तं दिवसभर स्टँडवर असतो."

त्यांनी तळहातावरची वेणी सोडली. ती एकदा हलली आणि अनसूमावशींच्या केसांवर येऊन टेकली. पुंडलिकरावांनी ती सरळ केली नाही, बाजूलाही केली नाही. गुडघ्यांची माती झाडत उठले आणि मला म्हणाले, "चला मास्तर, पान वाढून ठेवलं आहे. पंगतीतून उठलो, तुळशीरामजीले बरं वाटणार नाही."